करपलेली डाळ

दादा,

दुकानात असलास की फोन उचलत नाहीस, म्हणून चिठ्ठी. मी हॉस्पिटलला चालले.

आईने तिची ती करपलेली डाळ मागितली होती. डॉक्टर म्हणाले, मागेल ते द्या. काय ते समज. दोनदा केली, दोन्ही वेळा कडूजहर झाली. काल शेवटी तिलाच विचारलं, किती करपवायची? म्हणाली, "पहिल्यांदा मुद्दाम कुठे करपवली गं? दादा तापाने फणफणला होता, त्याला मांडीवर घेऊन बसले होते. डाळीकडे लक्ष कुणाचं?" बाबांना तीच आवडली आणि आपण जन्मभर मिटक्या मारत खाल्ली.

आज सकाळपासून ती बोलत नाहीये. ओट्यावरचं पातेलं घासत बसू नकोस. तुझ्यापायी तिने डाळ जळू दिली होती. तू आज तुझं दुकान जळू दे. ये.