आतल्या बाजूच्या फुल्या

सातपूर, नाशिक
५ जानेवारी २००५

देवराम,

नमस्कार. मंगलावहिनींनाही सांग. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. सायखेड्याला नदीकाठी थंडी जास्त असेल आणि द्राक्षांत आता गोडी भरायला लागली असेल. साडेआठ वर्षांनी पत्र आलं म्हणून पाकीट उलटसुलट करून बघशील. माझंच आहे. अक्षर अजून तसंच कोंबडीच्या पायाचं आहे.

आपली शेड आता तू ओळखणार नाहीस. फिरत्या दवाखान्यांच्या गाड्या अजून आपणच बांधतो, पण अॅल्युमिनियमचे पत्रे बरेचसे चिकटवतात. हो, गोंदानं. रिव्हेट मारायचे तेही बाहेरूनच, एकट्या माणसानं. आत डॉली धरून बसायला कुणी लागत नाही. पोरं कानात बोंडं घालून दिवसभर मुकाट काम करतात.

आपण तरी कुठे बोलायचो म्हणा. मी बाहेर रिव्हेट ठोकायची गन घेऊन, तू आत डॉलीचा तो लोखंडी ठोकळा रिव्हेटच्या शेपटीला टेकवून, मध्ये पत्रा. तुझे ठोके तेवढे ऐकू यायचे. एक म्हणजे अजून मार, दोन म्हणजे जमलं, तीन म्हणजे बिघडला, काढून टाक. आमची साधना म्हणायची, तुमचा दोघांचा संसार आमच्यापेक्षा बरा, तीन शब्दांत भागतंय.

खैरनार फोरमनचा फ्रीज आठवतो का? विमानाच्या कारखान्यातून रिटायर होऊन आलेला माणूस, चौकटीचे रिव्हेट फ्रीजमध्ये गार ठेवायची शिस्त त्यांनीच आणली. फ्रीजमधून काढला की दहा मिनिटांत मारायचा. नंतर तो कडक होतो आणि मारला की शेपटी चेपून आत जे डोकं बनतं त्याला तडे जातात. त्या डब्यांमागे तू घरचा द्राक्षांचा घड लपवायचास. पकडला गेलास तेव्हा म्हणालास, "साहेब, हे बी धा मिनिटात खावं लागत्यात, नायतर कडक व्हत्यात." मेमो द्यायला आलेल्या खैरनारांनी अर्धा घड उभ्याउभ्या खाल्ला. पुढे आठवडाभर ते तुला विचारायचे, आज काय ठेवलंय रे.

काल इथपर्यंत लिहून मी कागद फाडला. आज फाडणार नाही.

गेल्या महिन्यात एक जुनी गाडी डागडुजीला आली. नंबर बघितला. सुरगाण्याला गेलेली तीच. शहाण्णवच्या पावसाळ्यात घाटात जिचा मागचा डावा जोड उघडला आणि पाणी शिरून सगळी औषधं भिजली, ती. तेव्हा तिकडेच बाहेरून स्क्रू मारून तिला चालती केली होती. आतलं प्लायवूड कुणी काढलंच नव्हतं. या खेपेला ते मी स्वतः काढलं.

अकरा फुल्या, देवराम. निळ्या पेन्सिलीच्या, प्रत्येक भोकाशेजारी एक. बिघडलेल्या रिव्हेटपाशी फुली मारायची तुझी सवय. काल मारल्यासारख्या दिसत होत्या. मी तिथेच आत बसून राहिलो, तू बसायचास त्या जागेवर. जवळचं पोरगं विचारायला लागलं, "काका, बरं वाटत नाय का?" मी हो म्हणालो.

तो जोड मारला त्या सकाळी काय झालं ते तुला अजून माहीत नाही. मी फ्रीजमधून अकरा रिव्हेट काढून खिशात टाकले आणि येता येता गेटवर थांबलो. माझी नवी मोटारसायकल बघायला चारजण जमले होते. किक मारून दाखवली, अॅव्हरेज सांगितला, एकाला चक्करही मारू दिली. चांगली वीस-पंचवीस मिनिटं गेली. परत फ्रीजकडे जाऊन नवे काढायचे तर खैरनारांना कारण सांगावं लागलं असतं. म्हणून तेच मारले.

जेवणाच्या सुट्टीत तू म्हणालास, "कारभारी, फुल्या केल्यात बघ, तेवढे काढून घे." मी म्हणालो, बघू जेवून आल्यावर. येईपर्यंत सुतारांनी प्लायवूड ठोकलं होतं. गाडी संध्याकाळी द्यायची होती. मी गप्प बसलो, तुला वाटलं मी काढले.

पुढे घाटात जोड उघडल्यावर मोठ्या साहेबांनी दोघांना समोर उभं केलं. आतली डोकी तुटली म्हणजे डॉलीवाल्याचं काम, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. तू म्हणालास, मी ठोके दिले होते. साहेबांनी मला विचारलं. मी म्हणालो, आठवत नाही साहेब.

तुझं परमनंटचं पत्र टाईप होऊन पडलं होतं, ते फाडून तुला त्याच दिवशी कामावरून काढलं. मी आधीच परमनंट होतो, फार तर मेमो मिळाला असता. त्या संध्याकाळी सीबीएस स्टँडवर तुला मीच सोडलं, त्याच मोटारसायकलवर. उतरताना तू सीटवर हात फिरवून म्हणालास, "गाडी भारी हे." ते एवढंसं वाक्य मला झोपू देत नाही. तू टोमणा मारला असतास तर बरं झालं असतं. पण तू ते मनापासून म्हणाला होतास.

आता ऑफिसात सगळं लिहून सही करून दिलंय. नवे साहेब म्हणाले, इतक्या वर्षांनी याचा काय उपयोग. खरंच कंपनीला काही नाही. पण तुझ्या नावापुढची चूक आता माझ्या नावापुढे आहे. फुल्यांचा तो पत्रा कापून घेतलाय, फडक्यात गुंडाळून ठेवलाय. वहिनींना दाखव, सासरच्यांना दाखव, ज्यांनी ज्यांनी तुला नावं ठेवली त्यांना दाखव.

संक्रांत झाल्यावर सोळा तारखेला, रविवारी दुपारी तिळगूळ आणि तो पत्रा घेऊन सायखेड्याला येतोय. दार लोटलेलं ठेव. मी बाहेर उभा राहीन, हाक मारणार नाही. तू आतून ठोके दे. दोन दिलेस तर आत येईन. तीन दिलेस तर पत्रा ओट्यावर ठेवून परत फिरेन.

त्या दिवशी तू अकरा वेळा तीन ठोके दिलेस. मला अकराही वेळा ऐकू आले होते.

पत्र्याच्या बाहेरच्या बाजूचा,
कारभारी