कुंकवाचं कासव

४ मे, रविवार
आजपासून तंबाखू बंद. आजपासून पहाटे फिरणं. आजपासून रोजनिशी. रिटायर माणसाला शिस्त नसली तर त्याच्यात आणि पारावर बसणाऱ्यांत फरक काय?

फिरत फिरत महादेवाच्या बारवेवर गेलो. खालच्या पायरीवर आपलं म्हातारं कासव ऊन खात बसतं, तिथं आज दुसरंच बसलेलं. ताटाएवढं, हिरवट, डोळ्यांमागं दोन्हीकडं लाल पट्टा. म्हातारं पाण्यात, नुसतं नाक वर काढून. मी शाळेत जात होतो तेव्हापासून त्या पायरीवर तेच बसतंय. फार वाईट वाटलं.

मोबाईलवर शोधलं. हे अमेरिकन. देशी कासवाची जागा, खाणं, सगळं बळकावतं. पावसाळ्यात बारव भरली की पाणी ओढ्याला, ओढ्याचं मन्याडला. एकदा नदीत गेलं की हाती लागायचं नाही. पाटबंधारे खात्यात हयात गेली माझी, एस्टॅब्लिशमेंट सेक्शनला का असेना. हे काम माझंच. पावसाच्या आत ते बाहेर आणि म्हातारं पुन्हा पायरीवर. शब्द म्हणजे शब्द.

तंबाखू: एकदाच. विचार करायला लागते.

५ मे
बायकोला, दीपमालाला, सांगितलं. म्हणाली, अहो, आपल्या हरिओमनं पुण्याहून आणलेलं ते तर नसंल?

हसलोच. पोरानं आणलेलं ते रुपयाएवढं होतं. वास्तूसाठी टीपॉयवर, काचेच्या बरणीत, उत्तरेकडं ठेवलेलं. पुढं पुढं पाण्याचा वास यायला लागला, म्हणून मी त्याला निसर्गाच्या स्वाधीन केलं. पाच-सहा वर्षं झाली. कुठं ते नेमकं आठवत नाही. पायऱ्या होत्या. गुणी होतं मात्र. मी चुन्याची डबी नखानं टकटक वाजवली की मान वर करायचं, मग मी खायला टाकायचो.

पण ते रुपयाएवढं आणि हे ताटाएवढं. बायकांना प्रमाण कळत नाही.

७ मे
नांदेडला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या सालेहा मॅडमना फोन केला. म्हणाल्या, मारू नका, दुसरीकडं सोडू तर अजिबात नका. पकडलं की कळवा, मी क्रेट घेऊन येते, आमच्याकडं टाकी आहे. बाई हुशार. मग विचारलं, सर, कुणी सोडलं ते कळलं का?

म्हटलं, शोध चालू आहे. असल्या बेजबाबदार माणसाला गावानं जाब विचारला पाहिजे.

९ मे
घात झाला. लक्ष्मीकाकू, माझी चुलती, रोज महादेवाला पाणी घालायला जाते. तिनं ते बघितलं आणि गावभर सांगत सुटली की, माय गं, कपाळाला कुंकू लावून आलंय, सवाष्ण हाय! दुपारपर्यंत पायरीवर हळद, फुलं, केळी.

मी ताबडतोब गावच्या ग्रुपवर शास्त्रीय खुलासा टाकला: हे कुंकू नसून ही लाल खूण जन्मतःच असते. सदर प्राणी सातासमुद्रापलीकडून आलेला आहे.

संध्याकाळी गर्दी दुप्पट. काकू एकेकाला सांगून राहिली, आमचा रामलिंग शिकलेला हाय, त्यो सोता म्हनला, जन्मापासून कुंकू हाय, सात समुद्र पोहून आलंय.

मी असं म्हणालो नव्हतो. म्हणजे म्हणालो होतो, पण असं नव्हतो म्हणालो. सख्ख्या चुलतीनं हे करावं?

तंबाखू: मोजली नाही.

११ मे
लोह्याला नजीरच्या दुकानात. मोटारी रिवाइंडिंग करतो. शाळेपासूनचा दोस्त. जुन्या कूलरच्या जाळीचा बेष्ट पिंजरा बनवून दिला त्यानं. पण म्हणाला, रामलिंग, मी बारवेवर येत न्हाई. देवाचं ठिकान हाय, काही झालं तर पयलं नाव माझं येईल.

म्हटलं, येडा झालास का? मी आहे ना.

१२ मे
पहाटे पिंजरा पाण्यात सोडला. आत सुकट. मोबाईलवर लिहिलंय, या जातीला मासे आवडतात. योजना बिनचूक होती.

फक्त आज सोमवार होता.

काकूला पायऱ्या उतरतानाच वास आला. महादेवाच्या बारवेत, सोमवारी, सुकट! अर्धं गाव गोळा. पिंजरा वर ओढला. आत कासव नाही, दोन बेडूक. सगळे ओरडून राहिले, कुनाचा पिंजरा हाय ह्यो? कुनाचा?

मी खोटं बोलत नाही. सांगितलं, नजीरचा.

१३ मे
नजीर फोन उचलत नाही. काल गावातली पाच-सहा जणं मोटरसायकलवर त्याच्या दुकानावर गेली होती म्हणे. शटर ओढून आत बसला बिचारा. शेवटी दीपमालाच ऑटो करून लोह्याला गेली आणि सगळ्यांसमोर सांगून आली, सुकट माझ्या घरची हाय, पिंजरा आमच्या मालकानं सोडला.

मला एका शब्दानं न विचारता! घरातली गोष्ट चव्हाट्यावर. आणि नजीरनं तरी एवढं मनाला लावून घ्यावं? इतक्या वर्षांची दोस्ती, आणि साधा फोन उचलवत नाही. ऐन वेळी माणसं कळतात.

१९ मे
काकूनं तोडगा काढला. जबरदस्ती करायची नाही. रविवारी साऱ्या गावासमोर रामलिंगानं हाक मारावी. कासव आपण होऊन हातात आलं तर खुशाल न्यावं, कुणी आडवं येणार न्हाई. न्हाई आलं तर परत नाव काढायचं न्हाई.

मान्य केलं. सालेहा मॅडमना कळवून टाकलं, रविवारी क्रेट घेऊन या. आत्मविश्वास असला की जनावरालाही कळतं.

दीपमाला म्हणाली, येईल ते. तुम्हाला ओळखतंय.

टोमणा मारायची सवय जात नाही.

२५ मे, रविवार
आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

बारवेच्या चारी बाजूंना माणसं. सालेहा मॅडम माझ्या शेजारी, क्रेट उघडी. मी वाकून हाक मारली. काही नाही. परत मारली. ते पायरीवरून पाण्यात गेलं आणि दिसेनासं झालं. लोक हसायला लागले. मला घाम फुटला. घाम फुटला की माझा हात खिशात जातो. डबी काढली आणि नखानं टकटक केलं.

समोरच्या भिंतीपासून पाणी कापत ते सरळ आलं. पायरी चढलं. माझ्या चपलेवर पाय ठेवून मान वर केली.

मी दोन्ही हातांनी उचललं. काकूच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, ने बाबा, शब्द दिलाय आमी. मॅडम म्हणाल्या, द्या सर. क्रेट दोन पावलांवर होती.

तेवढ्यात कुणीतरी माझ्या पाया पडलं. मग दुसरं. मग रांगच लागली. कुणी गुलाल लावला, कुणी डोक्यावर फेटा ठेवला. साक्षात बोलावल्यावर आलं म्हणाले. आयुष्यात माझ्या पाया कुणी पडलं नव्हतं. रिटायरमेंटच्या कार्यक्रमाला मला साहेबांची शाल फोटोपुरती घालून परत घेतली होती.

मी परिस्थितीचा साकल्यानं विचार केला आणि कासव पाण्यात ठेवलं. जनभावना नावाची गोष्ट असते.

मॅडमनी क्रेटचं झाकण लावलं. जाताना हळूच विचारलं, सर, डबी वाजवून खायला द्यायची सवय किती वर्षांची? शहरातली माणसं संशयी. दीपमाला मॅडमना स्टँडवर सोडायला गेली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मी काय कासवाला बोलावलं होतं? ऐन वेळी त्यानंच दगा दिला.

२२ जून
रोज पहाटे बारवेवर जातो. शिस्त आली. लोक मला महाराज म्हणतात. डबी बाळगावीच लागते, लोक ती ऐकायलाच येतात. त्यामुळे तंबाखूचा विषय मिटला.

बारव भरली, पाणी ओढ्याला लागलंय. पायरीवर ते एकटंच बसतं, ऐसपैस.

म्हातारं कासव पंधरवड्यापासून दिसलं नाही. दीपमाला रोज ओढ्याकाठानं हुडकायला जाते. काल तिच्याबरोबर नजीर होता. दोघं चिखलात वाकून बघत होते. मी काठावरून हाक मारली. नजीरनं ऐकलं असावं, पण वर बघितलं नाही.

आज पायऱ्यांवर कुणी नसताना मी कितीतरी वेळ डबी वाजवली. लाल पट्ट्याचंच येत राहिलं, परत परत.

शाळेत जात होतो तेव्हापासूनची ओळख. जाताना मला सांगून तरी जायचं.