साडेअकरा सेकंद

लिंकनशायर, मे १९६१

प्रिय सायरिल,

तुझं पत्र मिळालं. कॅनडातली कंपनी आणखी तीन वर्षं ठेवून घ्यायला तयार आहे, सही करू का, असं विचारलंयस. उत्तर देते, पण आधी गाडीचं ऐक. नवरोबांना आधी तेच हवं असणार, मला काय ठाऊक नाही?

आपण शेडमध्ये बांधलेली ती लाल, दोन माणसांची गाडी रविवारी जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर नेली. हो, मी एकटीने! आईला शेजारच्या मॉडकडे बसवलं. आपल्या मोटार क्लबचा रिवाज अजून तोच आहे. उभी गाडी ताशी साठ मैलांचा वेग किती सेकंदांत गाठेल ते आधी फळ्यावर लिहायचं, आणि ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त चुकेल त्याने दिवसभर सगळ्यांचे कप विसळायचे. नवे लोक नुसत्या गाडीचं वजन धरतात. तू कसा ओरडायचास, "अरे, गाडी काय भुतं चालवणार आहेत? स्वतःला धरा, पेट्रोल धरा, सकाळचा नाश्ता धरा!" ते ऐकायला कान आसुसलेत रे. आता फळ्यापाशी कुणी भांडतसुद्धा नाही.

मी तू शिकवलंस तसंच केलं. सगळं वजन मांडलं, इंजिनाच्या ताकदीने भागलं, गिअर बदलण्यात जाणारा वेळ वर टाकला. साडेअकरा सेकंद आले. ऐटीत फळ्यावर लिहिले. आणि गाडी सव्वादहातच पोचली की! वेळ मोजणारा म्हातारा टोबायस हातातलं घड्याळ हलवून हलवून बघत होता. सगळे म्हणायला लागले, "विनी, इंजिनाला पाजलंस तरी काय?" मीही जाम फुशारले. कप मात्र माझ्याच गळ्यात पडले, कारण एवढं कुणाचंच चुकलं नव्हतं.

मी कप विसळत होते तेव्हा टोबायस माझी आकडेमोड तपासत बसला. एका आकड्यावर त्याचं बोट थांबलं. मग हळूच म्हणाला, "पोरी, वजनातले हे जास्तीचे बारा स्टोन कुणाचे गं?" तुझे होते, सायरिल. शेजारच्या सीटवर तू बसणार असं धरूनच मी वजन मांडलं होतं, आणि लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नव्हता. टोबायसने टॉवेल उचलला आणि तो कप पुसायला लागला. मी तिथेच, साबणाच्या हातांनी, ढसाढसा रडले.

तर सहीचं. "तुला बरं वाटेल तसं कर" असं लिहायचं मी ठरवलं होतं. आईचंही तेच म्हणणं, की चांगल्या नोकरीवरच्या माणसाला मागे ओढू नये. पण नाही जमत मला. इथे पगार कमी आहे, छत गळतंय, हिवाळा तर विचारूच नकोस. तरी सांगते, सही करू नकोस. सव्वादहाचं कौतुक मला नको, भले सगळा क्लब टाळ्या वाजवो. मला माझे साडेअकराच हवेत. निघून ये.

वाट बघून बघून चिडलेली, तरी तुझीच,
विनी