नाल्यावरचा आवाज

मंगळवार, पिंप्राळा

डोकं उठलंय. आजही गाडीचं बुकिंग राहिलं. फोर बाय फोरच घ्यायची हे ठरलंय, कारण गावाकडचा नाला साध्या गाडीला दाद देत नाही. पण इंजिन कोणतं? शोरूमवाला म्हणतो, पेट्रोल घ्या. घर ते दुकान एवढंच रोज चालवली तर डिझेलचा फिल्टर काजळीने भरतो. पटतं. पण गावी वडिलांना, म्हणजे नानांना, फोन केला की त्यांचं एकच, डिझेल. का, ते सांगायचं नाही. जुनी जीप डिझेलची होती म्हणून? हे काय कारण झालं?

आज चिडून विचारलंच. नाना म्हणाले, "जीपना आवाज नाल्यावर उना का तुन्ही माय तवा ठेवस. पेट्रोलनी गाडी दारशी उनी तरी तिले समजाव नही."

घ्या. टॉर्क, मायलेज वाचून डोळे दुखले, आणि निर्णय अडकला आईच्या तव्यावर. म्हणे जीप नाल्यावर ऐकू आली की ती तवा ठेवते, पेट्रोलची गाडी दारात आली तरी तिला कळणार नाही. हॉर्न वाजवीन म्हणालो. तर म्हणे, "हॉर्न ते बठ्ठाच वाजाडतस." सगळेच वाजवतात, खरंय.

आता नव्या डिझेलचाही जीपसारखा आवाज नसतो, हे यांना कसं सांगू? नाहीच सांगत. उद्या डिझेल बुक करतो. नाल्यात पहिल्या गिअरला रेस देऊन बोंबलवत नेईन.