सकाळी सातचे क्लिक

प्रिय मावशी,

काल दुपारपासून मी हेच पत्र मनात लिहिते आहे. दादा आज तुझ्या गावी यायला निघतोय, म्हणून त्याच्या हाती हे बंद पाकीट देते आहे. आत काय आहे ते त्याला सांगितलेलं नाही. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू मला दोन वाक्यांत हसवशील, 'पुरे गं भित्री भागूबाई' म्हणशील आणि मी गप्प बसेन. शाळेत जायच्या आधी चार वर्षं मी तुझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शिकले. अजूनही तुझ्यासमोर आले की उत्तर चुकलेल्या मुलीसारखी माझी जीभ अडखळते.

तू शिकवलेलं शिवणकाम मी माझ्या वेबसाइटवर लिहिते आणि त्या पानांत मधे मधे जाहिराती असतात, हे तुला माहीत आहे. दोन आठवड्यांपूर्वी जाहिराती पुरवणाऱ्या कंपनीचा मेल आला. तुमच्या पानांवर खोटे क्लिक होत आहेत, महिन्याभरात कारण शोधून कळवा, नाहीतर तुमचं खातं कायमचं बंद होईल. खोटे म्हणजे जाहिरात बघायची नसताना कुणीतरी उगाचच दाबलेले. मी तो मेल तीनदा वाचला. स्वतःचं पान तपासतानासुद्धा मी जाहिरातीपासून चार बोटं लांब राहते, आणि आता लबाड ठरले ती मीच!

आधी घरच्यांची उलटतपासणी घेतली. दादा म्हणाला, 'मला दुसरे उद्योग नाहीत का? तुझ्या बाह्या नि काजं बघत बसू?' आई म्हणाली, 'मला तुझी वेबसाइट उघडता येत नाही, तर दाबू काय, कपाळ?' आणि तू म्हणालीस, 'मी रोज सकाळी वाचते, पण जाहिरातीला हात लावला असेल तर शप्पथ.' तुझी शपथ म्हटल्यावर माझ्यासाठी विषय संपला होता.

मग मी वेबसाइटच्या नोंदी उघडल्या. जवळजवळ सगळे खोटे क्लिक एकाच फोनवरून, रोज सकाळी सातनंतर, तुझ्या गावातून. जाहिरात उघडायची, दोन सेकंदांत मिटायची आणि थोड्या वेळाने पुढची उघडायची. तू शपथ घेतलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी सव्वीस वेळा. मला काय वाटलं ते कसं सांगू? लहानपणी वाकडी शिवण उसवून पुन्हा घातली आणि पहिल्यापासून सरळच आली होती असं खोटं म्हटलं, तर तू मला दिवसभर माझ्याच मनाला विचारायला लावलं होतंस. 'मावशी खोटं बोलली' हे वाक्य माझ्या डोक्यात शिरेचना. त्या फोनवर माझी वेबसाइट उघडणारच नाही, असं मला करता आलं असतं. वेबसाइटवाले तेच करतात, त्रास देणाऱ्याला दार लावून घेतात. पण तुझ्या तोंडावर दार लावायला माझा हात धजेना.

वाचणाऱ्याचं बोट पानावर कुठे कुठे टेकतं, हे ठिपक्यांनी दाखवणारी एक सोय मिळते. ती मी बसवली आणि कालच्या सकाळचं तुझं वाचन दुपारी पाहिलं. मावशी, तू पान एवढं मोठं केलं होतंस की पडद्यावर जेमतेम तीन शब्द मावत होते. प्रत्येक शब्दाखाली एक ठिपका. तिसऱ्या ओळीवरून बोट तीनदा गेलेलं. मधे जाहिरात आली, तर तिच्या अक्षरांवरही तसाच ठिपका, जणू ती धड्याचीच पुढची ओळ. ती उघडली, तू मागे आलीस आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून. मी दोन मिनिटांत संपवते ते पान तुला चाळीस मिनिटं पुरलं. 'बोट उचललं की अक्षर पळतं,' असं म्हणत तू मला जसं वाचायला शिकवलंस, अगदी तसंच तू वाचत होतीस. तुझी शपथ खरीच होती. ती जाहिरात आहे हे तुला दिसलंच नव्हतं.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. मागच्या वेळी तू माझ्याकडून आठ सुयांत आठ रंगांचे दोरे ओवून घेतलेस आणि म्हणालीस, 'भाचीचा एवढा तरी उपयोग.' हल्ली तू लिहून काही पाठवत नाहीस, सगळं बोलून पाठवतेस. म्हणूनच हे पत्र मी जाड पेनाने लिहिलं आहे, एका पानावर आठच ओळी. गठ्ठा बघून हसू नकोस.

पण काल मी घाबरले ती याने नाही. मागच्या महिन्यात तू कामाला असतेस त्या औषधांच्या दुकानात मी आले होते. काठी टेकत आलेल्या त्या आजींची चिठ्ठी तू हातात घेतलीस आणि लाडाने म्हणालीस, 'डॉक्टरांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात, तुम्हीच सांगा आजी, कुठली ती.' आजी हसल्या, दुकानदारकाकाही हसले. तू न बघता कप्प्यात हात घातलास आणि हिरवं पाकीट काढलंस. चिठ्ठीत पाच मिलिग्रॅमची गोळी होती, पाकिटावर पंचवीस लिहिलं होतं. मी दाखवलं तेव्हा तू म्हणालीस, 'तुझ्याशी बोलण्याच्या नादात बघ!' आणि मी वेडी चार दिवस स्वतःलाच दोष देत राहिले, की मी मावशीला कामात बोलत ठेवलं. मी तिथे नसते तर? मी नव्हते त्या दिवसांचं काय?

वेबसाइटचं म्हणशील तर जाहिराती मी मजकुरातून काढून पानाच्या तळाशी नेल्या आहेत. आमच्याच घरातलं नजर अधू झालेलं माणूस वाचत होतं, क्लिक चुकून झाले, असं कंपनीला खरं तेच कळवलं आहे. खातं राहील किंवा जाईल. हे पत्र त्यासाठी नाही. उद्या रविवार, दुकान बंद. मी दुपारपर्यंत तुझ्याकडे पोचते आणि सोमवारी आपण दोघी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ. पण त्याआधी तू दुकानदारकाकांना फोन करून सगळं सांगायचंस, तुझ्या तोंडाने. तुझी वीस वर्षांची नोकरी आहे, तिथे सगळे तुला डॉक्टरीणबाई म्हणतात, मला सगळं कळतं. तरी तू सांगितलं नाहीस, तर सोमवारी दुकान उघडायच्या आत मी सांगणार आहे. असं तुला लिहिताना मला रडू येतंय, पण एक शब्द खोडणार नाही. रागाव, बोलू नकोस माझ्याशी, हवं तर दार उघडू नकोस. फक्त तोपर्यंत कुणी घरी येऊन मागितली, तरी एकही गोळी कुणाला काढून देऊ नकोस.

तुझीच,
भागूबाई