ज्ञानूची हजेरी

मानवत,
दि. ५ नोव्हेंबर २०२५

चि. प्रियांका हिला गुरुजींचे आशीर्वाद.

तू खुशाल असशील. आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या कोकिळाकाकूचे गुडघे दुखतात, पण बसून राहणं तिला जमत नाही. जिनिंग सुरू झाल्यात, त्यामुळं घरात सगळीकडं कापसाची बारीक लव उडायलीय. दिवसातून दोनदा झाडलं तरी तीच गत.

सोमवारी तुझा फोन आला. इतक्या वर्षांनी तुझा आवाज ऐकला, आधी ओळखलाच नाही. नांदेडच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागलीस हे गावातल्या कुणीतरी सांगितलं होतं. बरं वाटलं होतं. तुझ्या वडिलांची, सटवाजीची, उजवी बाजू अर्धांगवायूनं गेली आणि आता आठवणही धड राहिली नाही हे मात्र तुझ्याकडूनच कळलं. तुझ्या धाकट्या बहिणीचं, ज्ञानूचं, तू म्हणालीस ते माझ्या कानातून जात नाही. “गुरुजी, बा येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच इचारायलेत. ज्ञानूला म्या तोडीवर नेली होती, का ती शाळंतच होती? मी सांगते, आई सांगती, पण त्येंना पटंना. शाळंच्या कागदावर ती हजर होती म्हणतेत, सरकारी कागद खोटा कसा असंल. तुमच्याकडं त्या सालचं काय असंल तर लिहून पाठवा. मी त्येंना वाचून दाखविते.”

पोरी, शाळेचं दप्तर मी निवृत्त होताना देऊन आलो. पण वसतिगृहाचं सगळं टायपिंग मी घरच्या कॉम्प्युटरवर करायचो, तुला आठवत असेल. तुमचे आईबाप ऊसतोडीला गेले की दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत तुम्ही पन्नासेक लेकरं शाळेतच जेवायचात, शाळेतच झोपायचात. त्या याद्या अजून त्यात असायला पाहिजेत.

अडचण एवढीच आहे की कॉम्प्युटर मधेच बंद पडतो. चालू होतो, फाईल उघडते, दहा-बारा मिनिटं नीट चालतो आणि एकदम पडदा काळा. आवाज नाही, सूचना नाही. मी भिंतीतला प्लग बदलून पाहिला, एक्स्टेन्शन बोर्ड बदलला. युपीएस काढून थेट वायर लावली. काही फरक नाही. दुरुस्त झाला की यादी काढून पाठवतो. सटवाजीला म्हणावं, धीर धर.

तुझा गुरुजी,
वैजीनाथ


मानवत,
दि. ११ नोव्हेंबर २०२५

चि. प्रियांका,

आशीर्वाद. तुझा परवा पुन्हा फोन आला तेव्हा मी घरात होतो. काकूनं बाहेर गेलेत म्हणून सांगितलं, ते माझ्या सांगण्यावरून. फोनवर तू गप्प झालीस की मला पुढचं सुचत नाही, म्हणून लिहितो.

कॉम्प्युटरचं काम चालू आहे. माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे धम्मशीला, तुझ्या पुढच्या वर्गातली. परभणीला स्टेशनजवळ तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिला फोन केला. तिनं डॉक्टरसारखे प्रश्न विचारले. “बंद पडल्यावर लगीच चालू होतंय का थांबून?” मी म्हणालो, लगेच केला तर मिनिटभरात पुन्हा जातो, थोडा वेळ थांबलं तर दहा मिनिटं चालतो. “सगळ्याच फाईलीला बंद पडतंय का एखादीलाच?” या प्रश्नाला मी म्हणालो, सगळ्याच. तिनं काही उपाय सांगितले. रॅमची पट्टी काढून तिचे पितळी दात खोडरबरानं पुसले. पुन्हा बसवली. दोन दिवस त्यातच गेले.

मी एका कागदावर वेळ मांडून ठेवतो. चौदा मिनिटं, अकरा मिनिटं, नऊ मिनिटं, पुन्हा अकरा.

एक सांगतो, हसू नकोस. शनिवारी दुपारी काकू शेजारी गेली होती. मी यादी खाली सरकवत होतो, फेब्रुवारीच्या पानावर आलो आणि बंद. पडदा काळा झाला की त्यात आपलंच तोंड दिसतं आणि पाठीमागची खोली दिसते. मला दारात कुणीतरी उभं दिसलं. उंची दाराच्या कडीपर्यंत. दोन वेण्या. मी लगेच वळून पाहिलं नाही. पडद्यातच बघत बसलो, ती हलली नाही. मग वळलो तर दाराला काकूची ओढणी अडकवलेली होती, तिची दोन टोकं लोंबत होती.

ज्ञानूच्या वेण्या तूच घालायचीस ना? सहज विचारतो. लाल रिबिनी होत्या का काळ्या, ते मला आठवेना.

सध्या एवढंच. एखादा पार्ट बदलावा लागेल असं वाटतं. वेळ लागेल. तू दवाखान्यात काम करतेस, तुला माहीत आहे, जुन्या झालेल्या वस्तूचं काही सांगता येत नाही.

गुरुजी


मानवत,
दि. १६ नोव्हेंबर २०२५, रविवार

प्रियांका,

आशीर्वाद लिहायला हात धजला नाही.

काल मी तुमच्या घरी जाऊन आलो. तुझ्या आईनं फोन केलाच असेल, तरी माझ्याकडून सगळं ऐक. आधी कॉम्प्युटरचं सांगतो, कारण तिथंच मी तुला फसवलं.

धम्मशीलानं पहिल्याच फोनवर दुखणं ओळखलं होतं. “गुरुजी, ते तापायलंय. तापलं की आतलं सामान जळू नये म्हणून आपसूक बंद होतं. बाजूचं झाकण खोला, आतला पंखा फिरतो का बघा. तुमच्या मानवतात कापसाची लव बसली असंल.” मी त्याच दिवशी चार स्क्रू काढून झाकण उघडलं. पंख्याच्या पात्यांत आणि खालच्या जाळीत लव अशी गच्च बसली होती की उशीत भरावी. जुना ब्रश फिरवला असता तर पाच मिनिटांचं काम होतं.

मी झाकण परत लावलं. सीपीयू भिंतीला अजून थोडा चिकटवून ठेवला. खोडरबराचं मी तुला लिहिलं ते खरं आहे, पण त्यानं काही होणार नाही हे मला माहीत होतं.

आणि दहा मिनिटांत ती यादी पेनड्राइव्हवर सहज घेता आली असती. तू हुशार आहेस, पहिल्याच पत्रात हे तुझ्या लक्षात आलं असेल. रोज मी चालू करायचो, फेब्रुवारीपर्यंत यायचो आणि बंद पडायची वाट बघायचो. बंद पडला की मोकळं वाटायचं. मंगळवारी तुला पत्र टाकून आलो आणि पुन्हा बसलो. त्या दिवशी तो बंद पडेना. पंधरा मिनिटं झाली, सोळा झाली. तेव्हा मी खाली वाकून हातानं वायर ओढली.

शुक्रवारी दुपारी बाजारातून आलो तर कॉम्प्युटर चालू होता. काकू खाली बसलेली, हातात माझा जुना दात घासायचा ब्रश, पुढ्यात लवेचा ढीग. तिला धम्मशीलाचा फोन आला होता. मी नव्हतो म्हणून ती काकूलाच विचारत होती, लव काढली का.

काकू म्हणाली, “तासभर झाला, चालू हाय. आता बसा.”

मी म्हणालो, “उद्या बघू.”

“अकरा वर्सं झाली. तुमी झोपंत हजेरी घेताव. आख्ख्या वर्गाची घेत न्हाईत, एकाच पोरीचं नाव घेताव आन् तुमीच हजर म्हणताव. मी बाजूला पडून ऐकते. आता बसा.”

मी बसलो.

त्या साली दोन याद्या होत्या, प्रियांका. एक शाळेची हजेरी. दुसरी जेवणाची, म्हणजे सकाळी किती लेकरांचा भात टाकायचा ते कळावं म्हणून मी रोज घरी टाईप करायचो. जेवणाची यादी खरी असायची, कारण भात वाया गेलेला मला चालायचा नाही. शाळेच्या हजेरीत पन्नास लेकरं दाखवावी लागायची. पन्नासच्या खाली आकडा गेला की वसतिगृह बंद करून टाकायचे. त्या डिसेंबरात तुझ्या आईला दिवस गेले होते, हाताखाली कुणी पाहिजे म्हणून सटवाजी ज्ञानूला घेऊन गेला. चौथीतली पोर. अजून तिघं असेच गेले. मी चौघांनाही हजर मांडत राहिलो. बाकीच्या लेकरांचं जेवण चालू राहावं म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगायचो. ते खोटंही नव्हतं. पण ते फेब्रुवारीपर्यंतच.

४ फेब्रुवारीला ज्ञानू उसाच्या फडात पाचटावर, वाळल्या पाल्यावर, झोपली होती आणि ट्रॅक्टरची ट्रॉली मागं आली. त्या दिवशी शाळेत मी तिच्या नावापुढं हजर लिहिलं. मला माहीत नव्हतं, म्हणून त्या दिवसाचा दोष मी घेत नाही. पुढच्याचा घेतो.

मुकादमानं तिला तिथंच मातीत घालायला लावलं आणि आमच्या टोळीत लेकरूच नव्हतं म्हणून सांगितलं. सटवाजी ते ऐकून घेईना. त्यानं तिकडच्या ठाण्यात तक्रार दिली, आणि आठ दिवसांनी इथला जमादार शाळेत चौकशीला आला. तोवर मला सगळं कळलं होतं. त्यानं हजेरी मागितली, मी दिली. त्यानं विचारलं, पोरगी आता कुठंय. मी म्हणालो, आजोळी गेली दोन दिवस. तो हसून म्हणाला, “मग तिकडं मेली कोण?”

तू तेव्हा सातवीला होतीस, ऑफिसच्या दारात उभी होतीस. तू तोंड उघडलंस. मी तुला म्हणालो, “जा, साहेबांना पाणी आण.” तू पाणी घेऊन आलीस तेव्हा मी दाराला आतून कडी लावलेली होती. तू बाहेरून दोनदा हाक मारलीस. मी ऐकली. जमादारानंही ऐकली, पण त्यानं विचारलं नाही.

तक्रार खोटी ठरली. सटवाजीला लोक लबाड म्हणायला लागले. जूनमध्ये मी ज्ञानूच्या नावापुढं लिहिलं, पालकांसोबत स्थलांतर. सरकारच्या कागदावर ती अजून मेलेली नाही.

शनिवारी पेनड्राइव्ह घेऊन बाजारात गेलो, जेवणाच्या यादीचे चार महिने छापून घेतले आणि एसटीनं तुमच्या गावी गेलो. सटवाजी बाजेवर होता. मला ओळखलं. अर्धं तोंड हलत नाही, तरी “या गुरुजी” म्हणाला आणि तुझ्या आईला, तानुबाईला, चहा ठेवायला सांगितला. मी चहा नको म्हणालो. ती तशीही आत गेली नव्हती, उंबऱ्यातच बसून राहिली.

मी वाचलं. “४ फेब्रुवारी. ज्ञानेश्वरी सटवाजी. जेवायला नाही. आईवडिलांसोबत तोडीवर.” मग म्हणालो, शाळेच्या कागदावरचं मी खोटं लिहिलं होतं. तुझं खरं होतं.

तो छताकडं बघत होता. मला वाटलं, समजलं नसेल. मग म्हणाला, “म्हंजे म्या नेली होती.”

प्रियांका, त्याला खरं सांगून मी त्याचं ओझं उतरवीन असं वाटलं होतं मला. त्याच्या डोळ्यात बघितलं तेव्हा कळलं, खोट्या कागदाचा त्याला तेवढाच एक आडोसा उरला होता, आणि तोही मीच काढून घेतला.

“पाचटावर म्याच झोपीवली का तिला?” त्यानं विचारलं.

तानुबाई उंबऱ्यातून म्हणाली, “मी झोपीवली. तुमी मोळ्या बांधत होता. तिला ताप होता. मी म्हणलं, पड घडीभर.”

इतक्या वर्षांत ती हे कधी बोलली नसावी, कारण सटवाजीनं मान वळवायचा प्रयत्न केला. वळली नाही. मग त्यानं डावा हात बाजेखाली सोडला. ती उठून आली आणि तो हात धरून खाली बसली. दोघंही रडले नाहीत. थोड्या वेळानं तो मला म्हणाला, “आनखी एकदा वाचा.” मी वाचलं. चार वेळा वाचून घेतलं त्यानं. प्रत्येक वेळी तिचं पूर्ण नाव आलं की मान हलवायचा.

निघताना मी पाया पडायला वाकलो. तानुबाईनं पाय मागं घेतले.

उद्या परभणीला जाऊन प्रतिज्ञापत्र करतो. त्याची एक प्रत पोलिसांना, एक शिक्षण खात्याला आणि एक तुला. वकील म्हणाला, तुमच्यावरच गुन्हा दाखल होईल. मी म्हणालो, माहीत आहे. ज्ञानूच्या मृत्यूची नोंद व्हायला तुझाही जबाब लागेल. तेव्हा मी तिथं असलो तर तुला बोलता येणार नाही असं वाटलं तर सांग, मी बाहेर थांबेन. या वेळी दार उघडं राहील.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. हे पत्र जपून ठेव, लागलं तर पुराव्याला दे.

ज्ञानेश्वरी सटवाजी, इयत्ता चौथी, दिनांक ४ फेब्रुवारी २०१४ रोजी शाळेत नव्हती. ती तिच्या आईबापाजवळ होती. हे मी पूर्ण शुद्धीत लिहून देतो.

वैजीनाथ दिनकरराव
निवृत्त मुख्याध्यापक