सबवूफरची जागा

सोमवार, ४ जून. सकाळी ७.
निर्णय झाला. घरात सबवूफर आणायचा.
कारण स्पष्ट आहे. हे निवृत्त होऊन तीन महिने झाले. रोज संध्याकाळी दोघांनी मिळून जुने सिनेमे पाहायचे, असा कार्यक्रम मी आखला होता. वेळापत्रक फ्रिजवर लावलं आहे. पहिला आठवडा हे बसले. आता दहाव्या मिनिटाला उठतात आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतात. विचार केला. दोष टीव्हीच्या आवाजाचा. डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज, खर्ज नावालाही नाही. माणूस बसेल कशाला? मी मधेमधे आवश्यक ती माहिती पुरवते (कोण कुणाचा भाऊ, शेवटी कोण मरतं), म्हणून निदान दहा मिनिटं तरी टिकतात.
लेकीचा फोन. बाबांना विचारलंस का, म्हणाली. चौतीस वर्षांत विचारावं लागलेलं नाही, असं सांगितलं. ती म्हणाली, तेच म्हणतेय मी. मुद्दा कळला नाही.
पंधरा दिवसांत ह्यांना सोफ्यावर बसवणार.

बुधवार, ६ जून.
दुकानदाराला आधीच बजावलं, ठरल्या रकमेवर एक पैसा जाणार नाही. त्याने विचारलं, खोली केवढी, मॅडम? जोडणार कशाला? म्हटलं, बी.एस्सी.ला ध्वनीच्या पेपरात मी वर्गात दुसरी होते, तुम्ही फक्त दाखवा. मग त्याने फक्त दाखवलं. दहा इंची बजेटमध्ये बसेना, आठ इंची बसला. तसाही दहा इंची म्हणजे निव्वळ दिखाऊपणा.

शनिवार, ९ जून.
वूफर आला. वजनदार, काळा, चौकोनी. टीव्हीला त्याची वायर लावायला जागाच नाही. मधे रिसीव्हर लागतो म्हणे. आणि वूफर फक्त खर्ज काढतो, तेव्हा माणसांच्या आवाजासाठी वेगळे स्पीकर. दुकानदार फोनवर म्हणाला, मी विचारलं होतं ना मॅडम, जोडणार कशाला. उद्धट माणूस. दोन्ही वस्तू घेतल्या, वापरलेल्या. रिसीव्हर म्हणजे सबवूफर नव्हे, त्यामुळे बजेट मोडलेलं नाही.
ह्यांनी खोक्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उत्सुकता दिसली.

रविवार, १० जून. दुपारी ४.
जागा ठरवण्याची शास्त्रीय पद्धत पुस्तिकेत आहे. वूफर आपल्या बसायच्या जागी ठेवायचा आणि आपण भिंतीच्या कडेने रांगायचं. जिथे खर्ज उत्तम ऐकू येईल तिथे मग वूफर. माझे गुडघे दुखतात. ह्यांना रांगायला सांगितलं. किती वेळ, एवढंच विचारलं त्यांनी.
पाऊण तास रांगले. मी खडू घेऊन मागे. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या ऑडिटरांच्या सौ. आल्या, आमच्या कपबशा नाचताहेत हो, असं सांगायला. सोफ्यावर वूफर, जमिनीवर हे. त्या म्हणाल्या, भाऊ, काही हरवलंय का? हे म्हणाले, माझी जागा शोधतोय. दोघंही फार हसली. वेळेचा अपव्यय.
निष्कर्ष असा की हॉलमध्ये कुठेच घुमत नाही. सर्वोत्तम खर्ज आतल्या खोलीत, ह्यांच्या खुर्चीपाशी. शास्त्रापुढे इलाज नाही. वूफर तिथे ठेवला, वायर दाराखालून नेली.

मंगळवार, १२ जून.
ह्यांनी खुर्ची गॅलरीत नेली. गॅलरी हॉलला लागून आहे, म्हणजे अंतर कमी झालं. प्रगती.

शुक्रवार, १५ जून.
खर्ज अप्रतिम! तळपायातून वर चढतो. मारामारीत येतो, कोर्टात येतो, नायिका पत्र लिहीत बसली तरी येतो. असा समतोल महागड्या वूफरलाही साधणार नाही. ह्यांना दाखवायला गॅलरीत गेले. खुर्ची रिकामी. पाय मोकळे करायला गेले असावेत. अडीच तास मोकळे केले.

सोमवार, १८ जून.
इमारतीचा पाण्याचा पंप बिघडला. नळाला पाणी नाही. खर्जही नाही.
बराच वेळ योगायोग मानला. मग आत जाऊन पाहिलं. वूफरचा प्लग काढून, वायरची व्यवस्थित गुंडाळी करून ठेवलेली.
ह्यांना जाब विचारला. म्हणाले, रांगून झालं त्याच दिवशी काढला, खुर्ची थरथरत होती. मग सांगितलं का नाही? म्हणाले, तू इतकी खूश होतीस.
प्लग लावला. खालून कपबशा ऐकू आल्या. काढला.

बुधवार, २० जून.
हे रोज कुठे जातात, ते कळलं. जिन्यात ऑडिटरांच्या सौ. भेटल्या. म्हणाल्या, भाऊ येतात ना रोज, मजा येते हो वहिनी, तिघं मिळून सिनेमा बघतो.
सिनेमा!
त्यांचा टीव्ही मी पाहिला आहे. आमच्याहून जुना. एकाच बाजूने आवाज येतो, तोही घोगरा.
लेकीला फोन केला. घर सोडून माणूस घोगरा सिनेमा बघायला जातो, याला काय म्हणायचं? ती म्हणाली, आई, तिथे सिनेमा चालू असताना बोलतं कोण? म्हटलं, कोणी बोलत नसेल, नुसते बसत असतील. ती म्हणाली, बघ बाई आता तूच.
वूफरवर कापड घातलं. वर काय ठेवावं, सुचत नाही. वेळापत्रक फ्रिजवरून काढलं. मग परत लावलं.

गुरुवार, २१ जून. रात्री साडेनऊ.
सात वाजता खाली गेले. ह्यांना घेऊन यायचं, एवढ्याच हेतूने. सिनेमा सुरू झाला होता. तिघांनी माझ्याकडे पाहिलं. ऑडिटरांच्या चेहऱ्यावर ऑडिट आल्यासारखा भाव. कोणी काही म्हणायच्या आत हे सरकले आणि शेजारी जागा केली.
बसले.
नायकाचा भाऊ खरा भाऊ नाही, हे मला पहिल्या पाच मिनिटांत सांगता आलं असतं. सांगितलं नाही. पत्र चुकीच्या माणसाच्या हाती पडलं. ऑडिटरांच्या सौ.ना वाटलं, तो नोकर. ओठ आवळून बसले. आवाज भिकार होता. हे दोनदा मोठ्यांदा हसले. घरात मी हे हसणं ऐकलेलं नाही, निदान अलीकडे नाही. संपूर्ण सव्वादोन तास मी एक शब्द बोलले नाही.
जिना चढताना ह्यांनी काळजीने विचारलं, तुला बरं नाही का?
काय सांगणार? म्हटलं, घसा बसलाय.
ते दोन पायऱ्या चढले. मग अगदी हळू विचारलं, साधारण किती दिवस बसेल?